‘हौशी’ म्हणून हिणवण्याआधी

मोबाइलसाठी स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय निघाला, की समोरून काय उत्तर येणार हे आता पाठ झालं आहे. हौशी पोरांनी रात्री जागून काहीतरी जुळवलेलं असतं. बिघडलं तर विचारायचं कुणाला? त्यात बँकेची ॲप चालत नाहीत, म्हणजे ते असुरक्षितच असणार. नाहीतर बँका उगाच अडवतील का? आणि आता मोठ्या कंपन्या सात-सात वर्षं अपडेट देतात, मग हा उपद्व्याप हवा कशाला? फोन दुरुस्तीच्या टपरीवर हे ऐकू येतं, तसंच बँकेच्या आयटी खात्यातल्या जाणकाराकडूनही. टपरीवाल्याला माफ आहे, कारण ‘रॉम टाकताना ब्रिक झालेले’, म्हणजे दुसरी ओएस चढवताना निकामी झालेले फोन त्याच्याच टेबलावर येतात आणि नीट चाललेले कधीच येत नाहीत. जाणकाराला मात्र उत्तर द्यायला हवं.

सुरुवात जबाबदारीपासून. सात वर्षांचं वचन गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ला दिलं आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ला. दोन्ही फोन भारतात आले तेव्हा किंमत पाऊण लाखाच्या आसपास होती. दहा-बारा हजारांत फोन घेणाऱ्याला असं वचन कुणी दिलं होतं? जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ भारतात ९,९९९ रुपयांपासून विकायला आला आणि देशात प्रचंड खपला. कंपनीकडून त्याला मिळालेलं शेवटचं अँड्रॉइड सातवं. पुढच्या आवृत्त्या त्यावर बसवल्या त्या याच हौशी मंडळींनी, पगाराशिवाय, स्वतःच्या पदरचा फोन वापरून. मग त्या फोनची जबाबदारी नेमकी कुणी घेतली म्हणायची?

२०१५च्या जुलैत ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघड झाला. खास बनवलेला व्हिडिओ एमएमएसने पाठवला की फोनमधला माध्यमं हाताळणारा भाग कोसळायचा आणि पाठवणाऱ्याचा कोड आत चालू शकायचा. काही फोनवर तर मालकाने संदेश उघडायचीही गरज नव्हती. सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या टप्प्यात होते. सायनोजेनमॉड या स्वयंसेवी अँड्रॉइडच्या रोजच्या बिल्डमध्ये त्याची दुरुस्ती बातमी फुटण्याआधीच आलेली होती. कंपन्यांचे बहुतेक फोन तेव्हा वाटच बघत होते, आणि त्यांतल्या कित्येकांची वाट कधी संपलीच नाही. आज दर महिन्याला येणारा सुरक्षा पॅच आपण गृहीत धरतो, तो रिवाजही या नामुष्कीनंतरच पडला.

पॅच मिळाला असं कंपनी म्हणते तेव्हा तो खरंच मिळालेला असतो का, हा पुढचा प्रश्न. बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्जने २०१८ मध्ये शेकडो फोनांची फर्मवेअर उघडून तपासली. काही कंपन्यांनी सेटिंगमधली पॅचची तारीख पुढची दाखवली होती. त्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या मात्र आत नव्हत्या. आता त्याच्या शेजारी लिनिएजओएस या स्वयंसेवी अँड्रॉइडचं सेटिंग ठेवून पाहा. ‘फोनविषयी’ उघडून अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवलं की दोन तारखा दिसतात. एक अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची, जी स्वयंसेवकांनी ताजी ठेवलेली असते. दुसरी चिप आणि मोडेमबरोबर आलेल्या बंद भागांची, म्हणजे व्हेंडर पॅचची. ती बऱ्याचदा दोन-चार वर्षं जुनी असते, कारण ते भाग कंपनीखेरीज कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत. आपली ओएस कुठे कमी पडते ते त्या ओएसनेच वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडलेलं आहे. तरीही बेजबाबदार ठरते तीच.

जबाबदारीचा आणखी एक नमुना नेदरलँड्समधला. फेअरफोन ही छोटी कंपनी. तिचा फेअरफोन २ हा २०१५चा फोन. क्वालकॉमने त्याच्या चिपला अँड्रॉइड ६नंतर आधार देणं थांबवलं. नेहमीच्या हिशोबाने फोन तिथेच संपायचा. फेअरफोनने लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी केलेलं काम हाताशी घेतलं, त्याचं श्रेय उघडपणे दिलं, आणि अँड्रॉइड ७, ९, १० अशा पायऱ्या चढत तो फोन मार्च २०२३ पर्यंत सांभाळला. म्हणजे चिप बनवणाऱ्या अब्जाधीश कंपनीने ‘होणार नाही’ म्हटलेलं काम झालं, आणि त्याचा पाया हौशी लोकांनी घातला होता.

आता बँकेची ॲप. विरोधकांचं हे सर्वांत आवडतं अस्त्र, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवं.

ॲप उघडलं की ते गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेला विचारतं: हा फोन कसा आहे? ती सेवा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना ओएस चढवणारा भाग, कुलूपबंद आहे का, चालू असलेली ओएस गूगलने प्रमाणित केलेली आहे का, हे बघते आणि सहीशिक्क्यानिशी निकाल पाठवते. तो बँकेचा सर्व्हर वाचतो. निकालाच्या तीन पायऱ्या आहेत: बेसिक, डिव्हाइस आणि स्ट्राँग. मधली पायरी ओलांडली की सहसा भागतं. या मधल्या पायरीवर शेवटचा सुरक्षा पॅच कधी आला हे विचारलंच जात नाही. सर्वांत वरच्या पायरीसाठी मे २०२५ पासून गेल्या वर्षभरातला पॅच असण्याची अट आली खरी, पण ती अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनांनाच. त्याहून जुन्या अँड्रॉइडला तीही माफ. फोन जितका जुना आणि भोकं पडलेला, तितकी परीक्षा सोपी!

दोन फोन शेजारी ठेवा. एकावर अँड्रॉइड ९ आहे, पाच वर्षांत एकही पॅच आलेला नाही, ज्ञात दोषांची जंत्री इंटरनेटवर कुणालाही वाचता येते. दुसऱ्या, पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी खुली ओएस आहे: याच महिन्याचा पॅच, पुन्हा कुलूपबंद केलेला बूटलोडर, स्मृतीचे गैरवापर रोखणारी जादा बंदोबस्ताची रचना, आणि गूगल प्ले हवंच असेल तर तेही साध्या ॲपसारखं कोंडून ठेवलेलं. पहिला मधली पायरी ओलांडतो आणि बँकेत शिरतो. दुसरा बेसिकवरच अडतो आणि दारात राहतो. नाक्यावरच्या हवालदाराने ब्रेक न तपासता शोरूमचं स्टिकर पाहून गाडी सोडावी, तसला हा कारभार. बँक अडवते यावरून ओएस असुरक्षित ठरवणारे लोक हे स्टिकरच ब्रेक समजून बसले आहेत.

कुणी म्हणेल, बँकेला दुसरा मार्ग काय होता? मार्ग आहे, आणि तो अँड्रॉइडमध्येच दिलेला आहे. आधुनिक फोनच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये एक किल्ली असते. ‘या फोनचा बूटलोडर बंद आहे, आणि अमुक सहीची ओएस चालू आहे’ असं प्रमाणपत्र ती स्वतः देते. ग्राफीनओएसने आपल्या सह्यांचे ठसे जाहीर केले आहेत आणि ॲप बनवणाऱ्यांनी ते कसे तपासावेत याची कृतीही लिहून ठेवली आहे. बँकेने ते ठसे आपल्या यादीत घालायचे, एवढंच. गूगलकडे विचारणा करण्याचीही गरज राहत नाही.

‘हौशी प्रकल्प टिकत नाहीत’ हा आक्षेप मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण या क्षेत्राचा इतिहास नेमका उलटा आहे. स्टीव्ह कोंडिकने २००९ मध्ये एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी सायनोजेनमॉड सुरू केलं. त्याच वर्षी गूगलने नोटीस धाडली: आमची जीमेल, मॅप्स, मार्केट ही ॲप सोबत वाटू नका. ती वगळून काम चालू राहिलं. २०१३ मध्ये त्यातून सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी निघाली, गुंतवणूकदारांचे पैसे आले, आणि बिघाड तिथून सुरू झाला. २०१४चा वनप्लस वन याच ओएससह आला. भारतात मात्र सायनोजेनने मायक्रोमॅक्सशी, तिच्या यू ब्रँडसाठी, एकहाती हक्काचा करार केला. परिणामी डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वनप्लसच्या विक्रीला काही काळ मनाई केली. फोन विकत घेणाऱ्याला कळेना, की हा खुल्या सॉफ्टवेअरचा विषय कोर्टात कसा पोचला! २०१५ मध्ये सायनोजेनचे प्रमुख गूगलच्या हातून अँड्रॉइड काढून घेण्याच्या गर्जना करत होते. २०१६च्या डिसेंबरात कंपनीने सगळ्या सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांत तोच कोड उचलून स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभं केलं, आणि ते आजही चालू आहे. यात टिकलं कोण नि बुडालं कोण?

हे एकमेव उदाहरण नाही. कॅनॉनिकलने उबुंटू टच २०१७ मध्ये सोडून दिलं. यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी ते उचललं, आणि पुढे त्याची जर्मनीत नोंदणीकृत संस्था झाली. नोकियाने माएमो टाकून दिलं. त्या घराण्यातलं माएमो लेस्टे २००९च्या एन९००वर अजून चालवणारे लोक आहेत. मोझिलाने फायरफॉक्स ओएस गुंडाळलं. ते आपल्याकडे इंटेक्सच्या क्लाउड एफएक्समधून १,९९९ रुपयांत २०१४ मध्ये आलं होतं. तो फोन वापरणं ही शिक्षा होती, हे मान्यच आहे. पण त्याच कोडच्या खुल्या वारशातून कायओएस निघालं, आणि २०१७ पासून जिओफोनच्या रूपाने ते भारतात कोट्यवधी हातांत गेलं. कायओएस ही काही कम्युनिटीची ओएस नव्हे, कंपनीचं उत्पादन आहे. पण कोड खुला होता म्हणूनच मोझिलाचा पसारा आवरल्यावरही त्यातून फोन उभा राहू शकला. गावातल्या आजोबांनी जिओफोनवर यूट्यूबवरचं कीर्तन ऐकलं, तेव्हा त्यांच्या हातात हाच वारसा होता.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. डायव्हेस्टओएस प्रामुख्याने एका माणसाच्या खांद्यावर होतं, त्याने २०२४च्या डिसेंबरात काम थांबवलं. कॅलिक्सओएसने २०२५च्या ऑगस्टमध्ये, नेतृत्वातले लोक बाहेर पडल्यावर, अपडेट काही महिने थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांना तोवर दुसरीकडे जायला सुचवलं. मे २०२०मध्ये लिनिएजओएसच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. त्यांनी काही तासांत ते जाहीर केलं आणि सहीच्या किल्ल्या सुरक्षित असल्याचं सांगितलं. लिनिएजओएस चालणाऱ्या बहुतेक फोनांवर बूटलोडर उघडाच राहतो, म्हणजे फोन चोराच्या हाती लागला तर त्यात बदललेली ओएस घालणं सोपं. ज्याच्या धंद्यात हेरगिरीचा धोका आहे, त्याने जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकून निश्चिंत बसू नये. हे सगळं या प्रकल्पांच्या जाहीर लिखाणात सापडतं. मी काही गुपित फोडत नाही.

आपल्याकडची सर्वांत मोठी अडचण तर अगदी साधी आहे: फोनवर बोलता येणं. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच मुळी ४जीवर. तिथे जुन्या पद्धतीचा आवाजी कॉलच नाही, जे काही आहे ते व्होल्टीवर, म्हणजे ४जीच्या डेटावरून जाणाऱ्या कॉलवर. व्होल्टी चालवणारे भाग चिप कंपनीचे आणि बंद. त्यामुळे पोस्टमार्केटओएससारखं अस्सल लिनक्स ज्या फोनांवर टाकतात, त्यांतल्या कित्येकांवर जिओच्या सिमने कॉल लागतच नाही. पोस्टमार्केटओएसने २०१७ पासून फोनला दहा वर्षांचं आयुष्य देण्याचं उद्दिष्ट धरलं आहे. ज्या फोनवर आईचा कॉल घेता येत नाही त्याला मी दहा वर्षं काय करू, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. पण उत्तर कुणाकडे मागायचं? मोडेमची दारं कुणी बंद केली आहेत? २०१४मध्ये रेप्लिकंट या अशाच स्वयंसेवी प्रकल्पाच्या लोकांना सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनांत मोडेमकडून फोनमधल्या फाइली वाचता-लिहिता येतील अशी सोय सापडली. ती धोक्याची आहे हे सॅमसंगने मानलं नाही. सापडली ती मात्र बंद भागाच्या जागी खुला भाग लिहायला बसलेल्या माणसाला. कंपनीच्या तपासनिसांपैकी कुणी तोवर त्याची जाहीर वाच्यता केली नव्हती.

मग लोक हे वापरत का नाहीत? लोकांनी नाकारलं म्हणूनच ना? हा युक्तिवाद तर फारच सोयीचा. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात एका कराराची चर्चा आहे: ज्या कंपनीला आपल्या फोनांत प्ले स्टोअर हवं, तिने अँड्रॉइडपासून फुटून निघालेली दुसरी ओएस कुठल्याच फोनवर विकायची नाही. युरोपीय आयोगाने २०१८मध्ये हीच अट दोषी ठरवली होती आणि ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला होता. अपिलात आपल्याकडच्या आदेशातले काही निर्देश रद्द झाले, पण दंड कायम राहिला. वर्षानुवर्षं दुकानात पर्याय येऊच द्यायचा नाही आणि मग गिऱ्हाइकाने तो निवडला नाही म्हणायचं! ज्याला स्वतः रॉम टाकायचा आहे त्याच्यासाठीही वाट अरुंद होत चालली आहे. हुआवेने २०१८मध्ये बूटलोडर उघडण्याचे कोड देणं थांबवलं. शाओमीच्या कित्येक फोनांना अर्ज केल्यावर १६८ तास थांबावं लागायचं. आता अटी आणखी कडक आहेत. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचं कुलूप उघडायला आठवडाभर थांबायचं, आणि उघडलं की बँकेने संशयिताच्या यादीत टाकायचं.

इथे काही मंडळी स्वदेशीचा झेंडा पुढे करतात. कम्युनिटी वगैरे सोडा, आपली ओएस हवी. २०२३च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या छत्राखाली वाढलेल्या कंपनीचं भारओएस मंत्र्यांनी व्हिडिओ कॉल करून तपासलं, त्याच्या बातम्या झाल्या. प्रयत्न करणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्याचा पायाही अँड्रॉइडचा खुला कोडच आहे, तोच जो लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस वापरतात. मग एकाचं कौतुक आणि दुसऱ्याला हौशी म्हणून नाकं मुरडणं हे कुठल्या न्यायाने? कोणत्याही ओएसला, देशी असो वा परदेशी, एकच विचारावं: कोड वाचायला मिळतो का, आणि मी स्वतः तो बांधून माझ्या फोनवर चालवू शकतो का?

या सामायिक पायालाच गेल्या काही काळात धक्के बसू लागले आहेत. मार्च २०२५मध्ये गूगलने अँड्रॉइडचं सगळं काम आतल्या आत नेलं. आता कोड बाहेर येतो तो आवृत्ती तयार झाल्यावर. जूनमध्ये अँड्रॉइड १६चा कोड आला, पण पिक्सेल फोनांना लागणाऱ्या ज्या जुळणीच्या फाइली आजवर सोबत यायच्या, त्या आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये घोषणा झाली, की सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये प्रमाणित फोनांवर ओळख नोंदवलेल्या विकासकांचीच ॲप बसतील, आणि इतर देशांचा क्रम नंतर. एफ-ड्रॉइडने, म्हणजे फक्त खुली ॲप वाटणाऱ्या स्वयंसेवी भांडाराने, याला जाहीर विरोध केला. जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने पुढे नोव्हेंबरात सांगितलं. हा नियम गूगलच्या प्रमाणपत्राखालच्या फोनांचा आहे. त्या प्रमाणपत्राबाहेरच्या ओएस त्याच्या कक्षेत येत नाहीत. आपल्या फोनवर कुठलं ॲप टाकावं हे स्वतः ठरवू पाहणाऱ्याला पुढे ज्या ओएसकडे वळावं लागेल, नेमक्या त्याच ओएसना बँका दार बंद करून बसल्या आहेत.

आणि बँकांना खरोखर सुरक्षाच मोजायची असेल, तर साधन त्यांच्या हातात आजच आहे. हार्डवेअरच्या किल्लीने दिलेल्या ज्या प्रमाणपत्राचा उल्लेख वर केला, त्यात सहीबरोबर पॅचच्या तारखाही असतात: ओएसची वेगळी, व्हेंडरची वेगळी. ज्या फोनांत ती सोय आहे त्यांच्याबाबत ही तारीख बँकेचा सर्व्हर थेट वाचू शकतो, ओएस कुणाचीही असो. एक वर्षाहून जुन्या पॅचचा फोन नको, असा नियम केला तर ग्राफीनओएसवाला आत येईल. बाहेर पडतील ते कंपन्यांनी दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडलेल्या स्वस्त फोनांचे मालक. असे मालक प्रत्येक बँकेच्या ग्राहकांत आहेत आणि त्यांना तोडणं कुठल्याच बँकेला परवडणारं नाही. ग्राफीनओएसवाले मूठभर असल्यामुळे त्यांना अडवणं स्वस्त पडतं.